पोलादकाकांच्या पाट्याची मान

ट्रकच्या पोटाखाली, मागच्या आसाच्या दोन्ही अंगांना, पोलादी पट्ट्यांची एकावर एक चवड बांधलेली असते. त्यांना पाटे म्हणतात. सगळं ओझं त्यांच्या पाठीवर, सगळे खड्डे त्यांच्या नशिबी. असे पाटे भट्टीत लाल करून, घणाखाली वाकवून, तेलात विझवणारा माणूस म्हणजे आमचे पोलादकाका. हे नाव त्यांना लोकांनी चेष्टेनं दिलं होतं. काकांनी ते पदवी मिळाल्यासारखं घेतलं.

काकांना जगात एकच उपाय ठाऊक होता. आणखी एक पाटा घालायचा. गाडी डावीकडे कलते? एक पाटा. खड्ड्यात आपटते? दोन पाटे. घरातला पलंग मधोमध खचला तेव्हा त्यांनी त्याच्याखालीही दोन पाटे ठोकले. त्या दिवसापासून त्या पलंगावर कूस बदलणारा माणूस वीतभर वर उडून मग खाली येई.

"अहो," काकू म्हणायच्या, "या घरात मऊ अशी मी एकटीच उरलेय. मलाही एखादा पाटा लावा, म्हणजे सुटलात."

"तुला गरज नाही," काका गंभीरपणे सांगायचे. "तू मुळातच कडक आहेस."

दुकानाच्या दारावर जाड लोखंडी प्लेटचा बोर्ड होता. त्यावर काकांनी स्वतःच्या हातानं, पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: माझा पाटा मान टाकत नाही. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते ऐकवत, "ज्या दिवशी टाकेल, त्या दिवशी हा बोर्ड मी स्वतः उतरवीन." समोरचा टायरवाला हे गेली वीस वर्षं ऐकत होता. त्याला त्या दिवसाची फार आशा होती.

काकांची मुलगी पाण्याचा टँकर चालवायची. डोंगरावरच्या दगडखाणीत पाणी न्यायचं, रोज दोन खेपा. रस्ता कसला, मुरमाड पाऊलवाट म्हणा. शेवटचा चढ तर घराच्या छपरासारखा. तिथं पहिल्या गिअरात जोर दिला की ट्रक मागून थाडथाड उड्या मारायचा आणि काहीतरी कडकन मोडायचं. मोडायचा तो क्रॉस. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या सांध्यातला, मुठीएवढा तुकडा. महिनाभरात तीन मोडले. प्रत्येक वेळी टँकर चढावर अडकला आणि वर खाणीत माणसं कोरड्या घशानं वाट बघत बसली.

खाणीचा मुकादम दुकानात आला. तो ओरडला नाही, हेच वाईट होतं. "ताई, शनिवारपर्यंत बघतो. पुन्हा अडकलात तर खेप दुसऱ्याला देईन. माझ्या माणसांना पाणी लागतं, कारणं नाहीत."

तो गेल्यावर काका म्हणाले, "एक पाटा घालू."

"बाबा, मागच्या वेळी दोन घातलेत."

"म्हणूनच. तिसऱ्याची वाट बघतायत ते."

आणि खरं सांगायचं तर काकांनी त्याआधी आणखी एक प्रताप केला होता. लेकीचा ट्रक चारचौघांत उंच दिसावा म्हणून आस आणि पाटे यांच्यामध्ये वीतभर जाडीचे लोखंडी ठोकळे बसवले होते. ट्रक उंच दिसायचा, यात शंका नाही.

तिसरा पाटा बसला. रिकामा टँकर आता सपाट रस्त्यावरसुद्धा दगडासारखा आदळायचा. मुलीचे दात वाजायचे. बुधवारी चौथा क्रॉस मोडला.

संध्याकाळी मुलगी ट्रकखालून बाहेर आली. गालावर ग्रीस, हातात खडू. "बाबा, ओझ्यानं काही होत नाहीये. पाटा पिळवटतोय. चाक पुढं जायला बघतं, तेवढ्याच जोरानं आस उलटा मागं वळतो. त्याचं नाक, म्हणजे फिरता दांडा शिरतो तो पुढचा भाग, वर उठतं आणि पाट्याला नागासारखं वळण पडतं. मग चाक घसरलं की सगळं झटक्यात मागं. तेव्हाच क्रॉस मोडतो. आसापासून गाडीच्या चौकटीपर्यंत वेगळा एक दांडा लावला पाहिजे, आसाला धरून ठेवायला."

काकांनी हातोडा खाली ठेवला. "दांडा? माझ्या पाट्याला काठी? म्हातारा झालाय का तो?"

"तुम्ही एकदा येऊन बघा तरी."

बघायला जाण्यात काकांचा हेतू एवढाच होता की पोरीला खोटं पाडावं. गुरुवारी सकाळी ते चढाच्या कडेला चरात पालथे पडून राहिले, हनुवटी मातीत, नजर मागच्या आसावर. टँकर आला. इंजिन गुरगुरलं. आणि काकांनी पाहिलं. त्यांच्या हातचा, त्यांच्या भट्टीतला, त्यांनी अंगणातल्या झाडासारखा वाढवलेला पाटा पुढच्या अर्ध्यात वर फुगला आणि मागच्या अर्ध्यात खाली दबला. आसाचं नाक आभाळाकडे उठलं. मधला तो ठोकळा तर एखाद्या पहारीसारखा पाट्याला पिळून काढत होता. चाक घसरलं, थाड. पुन्हा पीळ, पुन्हा थाड. मुलीनं वेळीच जोर सोडला म्हणून पाचवा क्रॉस वाचला.

काका चरातून उठले, कपडे झटकले आणि म्हणाले, "ठोकळे काढतो. मला ते पलंगाला हवेत."

याहून मोठी कबुली त्यांच्या घराण्यात कुणी दिलेली नव्हती.

दांडाही त्यांनी केला. पण तो काकांचा दांडा. जाड नळी, मागं आसाला दोन ठिकाणी घट्ट, पुढं चौकटीला बोल्टावर बोल्ट, वर वेल्डिंग. "आता हलू दे बघू," म्हणाले, "साक्षात भूकंप आला तरी हलायचा नाही."

"पुढचं टोक थोडं मोकळं—" मुलगी म्हणाली.

"मोकळं ठेवायला तो काय बैल आहे?"

शुक्रवारी दुपारी टँकर पहिल्याच उंचवट्यावर चढला. एक चाक वर गेलं. पाट्यांना दबायचं होतं, पण दबायला जागा नव्हती, दांडा सोडेना. दांडा जिला आवळला होता ती चौकटीखालची प्लेट कागदासारखी फाटली, ती दुकानापासून शंभर पावलांवर, टायरवाल्याच्या डोळ्यांदेखत.

"काका," टायरवाला गोडपणे म्हणाला, "बोर्ड उतरवायला शिडी देऊ का?"

काका दुकानात येऊन बसले. भट्टी विझलेली. मुलगी शेजारी उकिडवी बसली. शनिवार उद्यावर आला होता. ती चिडलेली नव्हती. तिनं फक्त विचारलं, "बाबा, पाट्याचं पुढचं टोक तुम्ही पक्कं बसवता. मागचं झोक्यात का टांगता?"

झोका म्हणजे पाट्याचं मागचं टोक चौकटीला लटकवणारी झुलती जोडपट्टी. हा प्रश्न म्हणजे काकांच्या आवडीचा. त्यांनी छाती भरून सुरुवात केली. "अगं, ओझं पडलं की पाटा सरळ होतो, सरळ झाला की लांबतो. लांबायला जागा नको? दोन्ही टोकं आवळलीस तर तो एक तर स्वतः मोडेल, नाही तर चौकट..."

आणि ते थांबले. तीस वर्षं जी गोष्ट ते इतरांना शिकवत होते, ती आज त्यांना स्वतःच्या तोंडून पहिल्यांदा ऐकू आली. मुलगी जमिनीकडे बघत राहिली. हसली नाही, हे तिचे उपकार.

 मग काका उठले आणि भंगाराच्या ढिगातून एक जुना झोका उपसून काढला. दांड्याचं पुढचं टोक त्यात टांगायचं ठरलं. म्हणजे दांडा पुढंमागं सरकेल, पण आसाला नाक वर काढू देणार नाही. आता तो झोका अडकवायला चौकटीखाली जाड प्लेट हवी होती. होती ती फाटली होती. दुकानात दुसरी नव्हती.

होती. दारावर.

काकांनी शिडी लावली. टायरवाला धावतच बाहेर आला. "रंगवायला उतरवतोय," काका त्याच्याकडे न बघता म्हणाले. बोर्डाचे चार तुकडे झाले. दिवस मावळायच्या आत दोन तुकडे ट्रकच्या पोटाखाली वेल्ड झाले, वाढीव तीन पाटे निघाले आणि झोका हातानं ढकलला तर हलू लागला.

शनिवारी टँकर चढला. पहिला गिअर, भरलेली टाकी, एकही उडी नाही. मागचा आस शहाण्या जनावरासारखा मान खाली घालून गेला. वर मुकादमानं पाण्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि "उद्या लवकर या" एवढंच म्हणाला.

रविवारपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं होतं की पोलादकाकांनी एक नवीन दांडा शोधून काढलाय. "विचार करावा लागतो," काका सांगत होते. "पाट्याला नुसतं ताठ ठेवून भागत नाही. टायरवाल्यांना नाही कळायचं ते." मुलीचा उल्लेख एकदाच आला, "टँकर ती चालवते" म्हणून.

घरी आले तेव्हा ती अंगणात ट्रकखाली उताणी पडली होती. काका वाकले. तिच्या डोक्यावर, वेल्ड केलेल्या तुकड्यावर, त्यांचंच पांढरं अक्षर उलटं दिसत होतं: माझा. मुलीच्या हातात काळ्या रंगाचा डबा होता आणि ब्रश त्या शब्दाच्या अर्ध्यावर पोचला होता.

"हे काय करतेस?"

"गंज धरू नये म्हणून, बाबा. तुम्हीच सांगता ना, प्रत्येक वेल्डवर काळा रंग."

  ब्रश पुढं सरकला. काका तिथंच उकिडवे बसले आणि थोड्या वेळानं डबा कलंडू नये म्हणून त्यांनी तो हातानं धरून ठेवला.