प पासून पुढचं

युद्ध सुरू झालं तेव्हा मी युक्रेनमधल्या एका विद्यापीठात पाली आणि हिंदी शिकवत होते. बदनापूरची मुलगी तिकडे कशी पोचली, असं इथे सगळे विचारतात. आमच्या घरात रोज बुद्धवंदना व्हायची. शब्द तोंडपाठ होते, अर्थ कळत नव्हता. तो शोधता शोधता मी पालीत एम.ए. केलं आणि पुढे तिकडे नोकरी लागली.

तिथे माझी एक ज्येष्ठ युक्रेनियन सहकारी होती. ती पुस्तकासारखी हिंदी बोलायची. मी तिला दीदी म्हणायचे. आम्ही दोघी मिळून पाली-युक्रेनियन शब्दकोश करत होतो. अ पासून न पर्यंत तिचं काम, प पासून पुढचं माझं. माझी युक्रेनियन ती नीट करायची, तिच्या पालीतल्या चुका मी काढायचे.

भोंगे वाजायला लागले तसे आम्ही विद्यापीठाच्या तळघरात राहायला गेलो. लोक रडत होते, घरी फोन लावत होते. दीदीने लॅपटॉप उघडला.

"म काढ," ती म्हणाली. "'मरण' सोडून दुसरा कुठलाही शब्द घे."

आम्ही 'मक्कट' घेतला. मक्कट म्हणजे माकड, हे तिने शेजारच्या बाईंना सांगितलं तेव्हा त्या रडतारडता हसल्या. दीदीवर माझा जीव जडला तो त्या दिवसांत.

पुढे स्टेशनवर गर्दीत आमची ताटातूट झाली. तिला पश्चिमेकडच्या गावाला जायचं होतं, मला सीमेवर. डब्यात चढताना ती म्हणाली, "कोश निघेल तेव्हा कव्हरवर आपण दोघी."

मी बदनापूरला परतले. बाबा कृषी संशोधन केंद्रात नोकरीला होते, आता निवृत्त. त्यांनी मला गच्चीवरची पत्र्याची खोली रिकामी करून दिली. दीदी तिकडे एका शाळेच्या व्यायामशाळेत, गाद्या टाकून राहत होती. तिची सकाळ म्हणजे माझी दुपार. आम्ही फोनवर एकेक शब्द घेऊन बसायचो. कधी तिची वीज जायची, कधी माझी. उन्हाळ्यात पत्रा तापला की बाबा खिडकीला ओली चादर बांधून जायचे.

एकदा ते म्हणाले, "तिकडं बॉम्ब पडून राह्यले अन् तुम्ही शब्द शोधून राह्यल्या?"

"मंग काय करू, बाबा?"

"काही न्हाई. कर. चहा आणू का?"

युद्ध थांबलं की दीदीला इकडे बोलवायचं, असं घरात ठरलं होतं. आईने तिच्यासाठी नवी गोधडी शिवायला घेतली होती.

मग दीदीला जर्मनीतल्या एका विद्यापीठात जागा मिळाली, युद्धामुळे बेघर झालेल्या अभ्यासकांसाठी असलेली. तिने माझ्या सगळ्या फायली मागितल्या. तिथे काम दाखवावं लागेल म्हणाली. मी त्याच दिवशी पाठवल्या. त्यानंतर तिचे फोन कमी झाले. नवीन गाव, नवीन घर, असेल घाईत, असं मी स्वतःला समजावत राहिले.

पुस्तक निघाल्याचं मला एका जुन्या विद्यार्थिनीकडून कळलं. तिने फोटो पाठवले होते. कव्हरवर दीदीचं नाव आणि खाली तिथल्या एका प्राध्यापकाचं.

मी फोन लावला. "माझं नाव कुठे आहे?"

"आभारात आहे. सगळ्यात वर."

"दीदी, अर्धा कोश माझा आहे."

"ती योजना बेघरांसाठी होती. तू बेघर नाहीस. तू तुझ्या घरी गेलीस, तुला आईवडील आहेत. माझ्याकडे या कामाशिवाय काय उरलंय?"

तिच्या घराचं छप्पर उडालं होतं, भाऊ लढाईवर होता. मला सगळं माहीत होतं, म्हणून 'काळजी घे' एवढंच म्हणाले. फोन ठेवल्यावर राग आला. तिचं दुःख खरं होतं, आणि त्याच दुःखाच्या आडून तिने माझं काम उचललं होतं. धड भांडायचीही सोय तिने मला ठेवली नव्हती. प्रकाशकांना मी लिहिलं. करार लेखकांशी झाला आहे, असं त्यांनी नम्रपणे कळवलं.

मुलीचा कोश निघणार, असं बाबांनी विहारात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी फोटो मागितला, चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले.

"तुझं नाव कुठंय?"

मी आभाराचं पान दाखवलं. त्यांनी बोटांनी ते मोठं केलं.

"तिला सांगितलं न्हाईस का, अर्धं तुझं हाय म्हणून?"

"तिला माहीत आहे, बाबा."

आईने गोधडी पूर्ण केली आणि मावशीच्या मुलीला देऊन टाकली.

आता मी जालन्यात तासिका तत्त्वावर शिकवते आणि घरी पाली-मराठी कोश करते, पुन्हा अ पासून. दीदीने दोनदा निरोप पाठवला, तब्येत विचारली. मी उत्तर दिलं नाही. परवा परतूरचे एक प्राध्यापक घरी आले होते. कामात मदत करतो म्हणाले, नावाची अपेक्षा नाही असंही म्हणाले. माणूस सरळ वाटला. मी त्यांना चहा दिला, गप्पा मारल्या, पण फाइल उघडून दाखवली नाही.