टाकीवरची बाई

मिरजेत मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. चित्रकला कुणी शिकवली नाही, रंगवता रंगवताच हात बसला. पुढं फ्लेक्स आले, पाट्यांचं काम गेलं आणि मी भिंतींवर मनातलं काढू लागलो.

म्हसवडच्या पुढं एका गावात पाण्याची टाकी बांधल्यापासून कोरडीच होती. तिथल्या ओळखीच्या शिक्षकानं बोलावलं. मी टाकीवर एक बाई काढली. डोक्यावर पालथी घागर, नजर थेट पुढाऱ्यांच्या गाड्या येतात त्या रस्त्यावर. चेहरा माझ्या मनातला. भुवईपाशी गिलाव्याचा टवका उडाला होता, तो तसाच ठेवला.

भर दुपारी मागं कुणीतरी असल्याचं जाणवलं. एक म्हातारा उभा होता. किती वेळ, कोण जाणे.

"आवं पेंटर, हिला तुमी कवा बघितलं?"

"कुणाला?"

"आमच्या कारभारणीला. टँकरच्या गर्दीत पडली, ती उठलीच न्हाई. भुवईवरची खूणबी काढलीया."

"फोटो पाहिला असेल कुठं तरी," मी चाचरत म्हणालो.

"फोटू कवा काढलाच न्हाई तिचा."

पाण्याला निघालेल्या दोघी-तिघी बाया थांबल्या, चित्राकडं बघून त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि पुढं निघाल्या.

महिन्याभरानं मंत्र्यांचा दौरा ठरला. गावच्या कारभाऱ्यांनी टाकीवर चुन्याचे दोन हात मारले. चुना वाळला तसा चेहरा वर आला. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, हे मला ठाऊक होतं. पण घागर झाकली गेली होती, लुगडं झाकलं गेलं होतं. फक्त चेहराच का दिसावा, हे मला आजही सांगता येत नाही.

तो झाकायला त्यांनी मलाच बोलावलं. मी गेलो. म्हातारा टाकीच्या सावलीत बसला होता.

"झाका की," तो शांतपणे म्हणाला. "जित्तेपणी तरी कुटं गप बसायची ती."

मी ब्रश रंगात बुडवला, वर पाहिलं, आणि माझा हात उचलेना. डबा उचलून तसाच एस.टी. स्टँडवर आलो.

दौऱ्याच्या दिवशी टाकीवर मांडवाचं कापड बांधलं होतं म्हणे. भाषण चालू असताना वाऱ्यानं ते सुटलं. मंत्र्यांनी विचारलं, "ही कोण?" गावचे कारभारी कापड धरायला धावले. पावसाळ्याआधी टाकीत पाणी आलं.

भिंती मी अजून रंगवतो. अनोळखी गावात मात्र मनातला चेहरा काढत नाही.