घोंगडीतली बदकं

नणंदबाई चकलांब्याहून एसटीनं आल्या त्या आंब्याची पेटी मांडीवर घेऊनच. दिवस थंडीचे, आंबे कुठले? मी ओट्यावरूनच विचारलं, "वन्सं, पेटीत काय हो?" त्यांनी वरचं फडकं बाजूला केलं तर आत बदकाची दहा पिल्लं. पिवळी, एकमेकांच्या अंगावर चढणारी, आणि पेटीचा तळ घाणीनं भरलेला. माझं डोकंच फिरलं. पाटोद्याकडचं आमचं हे डोंगरातलं गाव, नळाला आठवड्यातून दोनदा पाणी आलं तर नशीब, आणि ही बाई गोदाकाठची बदकं घेऊन आली! घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

"वहिनी, तुमच्यासाठी न्हाई आणली," त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि आतल्या खाटेकडं मान केली. "बासाठी आणलीत. काही तरी राखायला."

बा म्हणजे माझे सासरे, आमचे मामा. जन्म सगळा मेंढरांमागं गेला त्यांचा. आदल्या वर्षी ओढ्यात घसरून खुबा मोडला, बीडला ऑपरेशन झालं. आमचे हे ट्रकवर, कधी घरी कधी नाही. मेंढरं हिंडवणार कोण? विकली. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता चालवा यांना. पडून राहिले तर मात्र कायमचे पडतील, आणि मग फार दिवस काढणार नाहीत. डॉक्टरांना सांगायला काय जातंय! मी म्हणायचे, मामा, उठा, अंगणात दोन फेऱ्या मारा. ते भिंतीकडं तोंड करून म्हणायचे, "कावून मारू माय? कुनाच्या मागं जाऊ?"

मी गोडीत सांगून पाहिलं, रडून पाहिलं, एकदा तर भाकरी मुद्दाम अंगणात नेऊन ठेवली. म्हटलं, भूक लागली की येतील. आले नाहीत. उपाशी झोपले आणि मलाच त्या रात्री घास गेला नाही. असला हट्टी माणूस! म्हणून पेटीतली घाण नाकाला झोंबत असतानाही मी पिल्लं ठेवून घेतली.

पहिल्या दिवशी मामांनी ढुंकून पाहिलं नाही. "हे काय पाखरू हाय का काय," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी एक पिल्लू पेटीतून निसटलं आणि त्यांच्या खाटेखाली शिरून ओरडायला लागलं. मी चुलीपुढं भाकऱ्या थापत होते. हात भिजल्या पिठानं बरबटले होते असं नाही, कोरडं पीठच होतं, झटकून उठता आलं असतं. उठले नाही. थोड्या वेळानं मामांचा पाय खाली आला, मग दुसरा. वाकले, पिल्लू उचललं, काठी टेकवत पेटीपर्यंत गेले आणि ते आत सोडलं. तव्यावरची भाकरी करपली. करपू दे म्हटलं.

त्यानंतर माणूस खाटेवर ठरेना. ऊन सरकेल तशी पेटी सरकवायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. ज्वारीच्या कण्या मागायला काठी घेऊन शेजारच्या आळीत गेले. पिल्लं पाण्याचा नुसता चिखल करायची. मी हंड्यातलं पाणी देताना कटकट केली तर मलाच म्हणाले, "देतीस का न्हाई? लेकरांच्या तोंडचं पानी मोजू न्हाई." खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला. वर्षभर माझ्या तोंडाला जे जमलं नाही, ते या अंगठ्याएवढ्या जिवांनी दोन दिवसांत केलं होतं. पण राग कसला, आनंदच तो. मी नणंदेला फोन करून सांगितलं, तुमचा बाप चालतोय. त्या तिकडं रडल्या, मी इकडं.

बदक कसं पाळतात हे मात्र आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मामांना मेंढरू ठाऊक. त्यामुळं त्यांनी पिल्लं वाढवली ती कोकरांसारखी. आमच्यात कोकरू गारठलं की त्याला घोंगडीत गुंडाळतात, मेंढका त्याला आपल्या घोंगडीत घेऊनच निजतो. थंडी वाढली तशी मामांनी आपली घोंगडी काढली. स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची, काळी, उन्हापावसात अंगावर राहून विटलेली. विळा घेतला आणि मधोमध कापली.

"अहो मामा, जुनं लुगडं देते की! घोंगडी कावून कापता?"

"लुगड्याला कुठं ऊब असती? लोकर ती लोकर."

अर्धी खाली अंथरली, अर्धी वर. पिल्लं तिच्यात शिरून चोची मारत बसायची. मामा बघत राहायचे. मला वाटलं, चला, आता काळजी मिटली.

एका सकाळी एक पिल्लू बाजूला बसलेलं दिसलं. खाईना, पिईना, मान पोटात घातलेली, गळ्याखाली फुगल्यासारखं. दुपारपर्यंत गेलं. मामा म्हणाले, गारठलं. घोंगडी नीट पांघरली. दोन दिवसांनी आणखी एक तसंच बसलं. मी नणंदेला फोन लावला. "वहिनी, आमच्याकडं कोंबडीच्या पोटाखाली असतात ती. ती बसती ऊब देत. आमी काय करतो?" म्हणजे उबेचंच आलं. जनावरांच्या डॉक्टरला विचारलं तर तो हसला. म्हणाला, बाई, शेळीचं विचारा, म्हशीचं विचारा, बदक मी आयुष्यात तपासलं नाही. तरी पण गरम ठेवा. शेजारणीच्या मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, त्यातला माणूसही तेच सांगत होता, पिल्लांना उबदार ठेवा, उबदार ठेवा. आम्ही ठेवत होतो की! याच्यापेक्षा आणखी काय करायचं?

मामांनी ओव्याचं पाणी पाजलं. पोट चोळलं. खोलीला धुरी दिली, मग धुरानं गुदमरतील म्हणून दार उघडलं, मग वारा येतो म्हणून लावलं. मी देव पाण्यात ठेवले. पिल्लं मरायची थांबेनात. प्रत्येक मेल्यावर मामा ते हातावर घेऊन बांधापर्यंत जायचे आणि काठीनं खड्डा उकरून पुरायचे. पहिल्यांदा ताठ गेले होते. नंतर वाटेत थांबायला लागले, बाभळीला हात टेकून. मी दारातून बघायचे. मला बदकांचं काय पडलं होतं? बांधावरून परत येताना त्यांचं पाऊल रोज जड होत होतं, त्याला मी काय करू? माझ्या हातात काहीच नव्हतं. पेटीपाशी गेले की मी पण घोंगडी आणखी घट्ट दाबायचे, दुसरं काय सुचणार!

तीन उरली. त्यातल्या एकाला मामा मांडीवर घेऊन ओव्याच्या पाण्याचे थेंब पाजत होते. मी चोच उघडून धरली होती. मामांनी डोळे बारीक केले.

"जिभेपाशी काय हाय गं हे?"

मला केस वाटला. त्यांनी नखात धरून हळूच ओढलं. आलं. आणखी ओढलं, आणखी आलं. काळा, ओला धागा, वीतभर झाला तरी संपेना. पिल्लानं एकदा पाय झाडले आणि मान टाकली. मामांनी धागा अंगठा आणि बोट यांच्यात चोळून पाहिला. मेंढका माणूस, त्यांना बघायची सुद्धा गरज नव्हती.

"आपलीच लोकर हाय," ते म्हणाले.

विळ्यानं कापलेल्या कडेनं घोंगडी सुटत चालली होती आणि पिल्लं ते धागे दाण्यासारखे गिळत होती. जितकी आजारी पडली तितकी आम्ही घोंगडी जास्त पांघरली. मी म्हटलं, "मामा, आपल्याला कसं कळणार? डॉक्टरला कळलं न्हाई. तुमचा काय दोष?" मी अजून बरंच बोलले. बडबडतच राहिले. त्यांनी मेलेलं पिल्लू माझ्या ओंजळीत ठेवलं. "ह्याला तूच पूर माय. माझ्या हाताला आता काही देऊ नको." आणि खाटेवर जाऊन भिंतीकडं वळले.

मी घोंगडी काढून पेटी रिकामी केली, तळाला वाळू घातली. उरलेली दोन जगली. काही केलं नाही मी, कण्या टाकल्या आणि टोपात पाणी ठेवलं. बघता बघता पांढरी पिसं आली, आवाज फुटला, अंगणभर फतक फतक फिरायला लागली. मी मुद्दाम दारात जाऊन सांगायचे, "मामा, बघा तरी, केवढी झालीत!" ते म्हणायचे, "ब्येस झालं." मान वळायची नाही. "तुमीच आणली ना वर!" "मी न्हाई. तुझ्या हातानं जगली." बोलायची सोय नाही. दिवसातून एकदा मोरीपर्यंत धरून न्यावं लागायचं, आणि दंडाला हात लावला की नुसती हाडं लागायची.

परवा सकाळी मला राहवेना. उभा जन्म मेंढरं राखलेला माणूस, याला एकच गोष्ट उठवू शकते असं मला वाटलं. अंगणात गेले आणि जीव खाऊन ओरडले, "मामा! कुत्रं आलं! बदकावर कुत्रं आलं, धावा!"

आत खाट करकरली. दारातून मला दिसत होतं. मामा झटक्यात उठून बसले, पाय जमिनीला लागले, हात काठीवर गेला. ऊठ रे बाबा, मी मनात म्हणाले, त्यांना कधी अरेतुरे केलं नाही, पण तेव्हा तसंच आलं. त्यांनी काठी उचललीसुद्धा. मग आपल्या हाताकडं पाहिलं, बराच वेळ, आणि काठी पुन्हा भिंतीला टेकवून ठेवली.

"तू हाकल माय," ते आतून म्हणाले. "तुझ्या हातानं वाचतील."

पाय वर घेतले आणि आडवे झाले.

अंगणात कुत्रं नव्हतंच. दोन्ही बदकं टोपात माना बुचकळत होती. तरी मी "हाड, हाड" करत ओरडत राहिले, मामांना ऐकू जावं म्हणून.