कपिलेनं सुधारलेला नेम

आमचे हे काल गेले. ज्या माणसाले रानडुकरंबी भेत नव्हती, तो माणूस.

साठ साल लागाचं होतं तवाची गोष्ट. मी मुलचेऱ्याकडच्या गावात नवी नवरी. धान निसवलं होतं आन् डुकरं रोज शेतात.

मामाजीची, म्हणजे माह्या सासऱ्याची, ठासणीची रायफल होती. लायसनची. बंदुकीची दारू चांद्याहून ये, गोळ्या हे घरीच ओतत. मासोळ्याच्या जाळ्याचं जुनं शिसं वितळवाचं, साच्यात टाकाचं, साचा उघडून गरम गोळ्या टणाटण पाट्यावर पाडाच्या.

कॉन्फिडन्स फुल.

पण यांची एक गोळी मोहाच्या झाडात जाये, दुसरी तळ्यात. एकदा तं आमच्याच बुजगावण्याचं डोकं उडवलं.

मामाजीनं सांगून टाकलं, दसऱ्याले शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, तीन भोपळे ठेवतो. तिन्ही फुटले नाई तं रायफल ठाण्यात जमा. मंग धान राखाले काठीच.

हे दिवसभर नळीले शिव्या देत, हवेले शिव्या देत.

मले कारण दिसत होतं. माहेरी शेजारी बैलाच्या घंट्या ओतणारे काका होते, त्याच्या भट्टीपाशीच मी मोठी झाली. पण नव्या सुनेनं सासऱ्यापुढं नवऱ्याशी बोलाचं नाई. सांगाचंच असलं तं गाईले सांगाचं. ज्याले ऐकाचं तो ऐकते.

म्हणून कपिलेपुढं कुटार टाकता टाकता म्हटलं,

"कपिले, साचा थंडा असला का गोळीले सुरकुत्या पडते. आन् गरम गोळी दगडावर आपटली का तिचं बूड चेपते. चेपल्या बुडाची गोळी सरळ कशी जाईन वं?"

कपिला रवंथ करत राह्यली. ओट्यावर यांचं नळी पुसणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी साचा आधी गरम झाला. एकेक गोळीचं बूड पाहून झालं, चेपलेल्या परत वितळल्या. आन् गोळ्या पडाले खाली मऊ कपड्याची चौपदरी घडी.

दसऱ्याले तीन गोळ्या, तीन भोपळे.

मामाजीनं पाठ थोपटली आन् नवं धोतर नेसाले घरात गेले.

घडी त्याच धोतराची होती.

मामाजी जुन्या धोतरात सोनं वाटाले गेले. पण रायफल घरीच राह्यली, आन् त्या साली धानबी घरी आलं.

मंग जन्मभर हे गावाले सांगत, आमच्या गाईले गोळीतलं समजते. सारं क्रेडिट कपिलेले. लोकं हसत, मीबी हसे. पण रागबी ये, खोटं कशाले बोलू?

परवा दवाखान्यात माहा हात धरून म्हणाले,

"गाय नाई बोलली, मले मालूम होतं. पह्यले बाबाच्या भेवानं तुह्यं नाव नाई घेतलं. मंग आदतच पडली."

मी म्हटलं, आता घरी चला आन् गावाले खरं सांगा. हो म्हणाले. घरी येणं काही झालं नाई.

म्हणून मीच सांगून राह्यली. गोठ्यात आता गाय नाई, या मोबाईललेच सांगते. ज्याले ऐकाचं तो ऐकन.

उखाणा सोडून तुमचं नाव कधी तोंडानं घेतलं नाई. आज घेते.

नामदेवराव, राम राम.