शोभाताईला अन्नपूर्णा म्हणू नका

माझ्या बहिणीला स्वयंपाकाचा कंटाळा यायचा.

हे आजच लिहावं लागतंय. कारण सकाळपासून तिच्या फोटोखाली "अन्नपूर्णा" वाचून वाचून माझं डोकं फिरलंय.

आज शोभाताईचं वर्षश्राद्ध. जालन्यात हॉल घेतला होता. दारातच तिच्या धाकट्या दिरानं, रमेशभाऊंनी, बॅनर लावला होता.
"आमची अन्नपूर्णा वहिनी. तुझ्या हातची चव आता कुठे?"

तेच स्टेटसला. तेच सगळ्या ग्रुपवर. खाली रांगेनं जोडलेले हात.

रमेशभाऊ, तुम्ही हे वाचालच. नीट वाचा.

ताईचा खरा हुनर वेगळा होता. चार माणसं जमणार म्हटलं की ती हॉटेल शोधायला निघायची. झगमगाटाची नाही. पत्र्याची, बाकड्यांची, चवीची.

आत शिरायची, कढईतल्या तेलाचा वास घ्यायची आणि मालकाला सरळ विचारायची,
"दादा, तुमचं सोताचं जेवण इथंच का घरी?"
"घरी" म्हणाला की ही बाहेर!

संक्रांतीचं हळदीकुंकू उरकलं की गल्लीतल्या बायकांना जीपमध्ये कोंबून वाटूरला न्यायची. धपाटे, दही, मिरचीचा ठेचा.
"बसा गं. आज कुणीच उठायचं न्हाई वाढायला."

त्यातल्या कितीतरी जणी गरम घास बसून खायच्या तो वर्षातला तेवढाच.

सासरी हे कुणालाच पटलं नाही.

सासऱ्यांच्या सत्तरीला सगळे पाव्हणे गावाकडं जमले. कुंभार पिंपळगावच्या जवळच त्यांचं शेत. सगळ्यांना वाटलं, शोभा करील सगळं. ताईनं आधीच पिंपळगावात नवरा-बायकोचं एक छोटं हॉटेल हेरून ठेवलं होतं. येसराची आमटी, भरली वांगी, बाजरीची भाकर. सगळं खटलं तिथं नेऊन बसवलं.

रमेशभाऊ भर पंगतीत उभे राहिले.
"वहिनी, घरात चूल असून पाव्हण्यांला हाटेलात जेवू घालून राह्यलात. इज्जत काढली आमची."

ताई म्हणाली, "मंग चूल तुमी पेटवा भाऊजी. मी बराबर येते जेवायला."

सगळे हसले. दाजी सोडून. दाजी, म्हणजे ताईचा नवरा, पाण्याच्या ग्लासात बघत बसले. त्यांचं आयुष्य त्या ग्लासात बघण्यातच गेलं.

आणि रमेशभाऊ, त्या दिवशी आमटी तुम्ही दोनदा मागून घेतली होती. मी शेजारीच होते.

आता गेल्या वर्षीचं सांगते. हे बॅनरवर नव्हतं.

महालक्ष्म्या आल्या तेव्हा ताईच्या अंगात ताप होता. साधा नाही, हाडं मोडणारा. मला फोनवर म्हणाली, "यंदा माझ्यानं व्हत न्हाई गं. मस्तगडात एक बाई पुरणपोळ्या करून देतात. चाखून आले मी. सांगून बी ठेवलंय."

रात्री परत फोन. आवाज बसलेला.
"भाऊजी म्हणले, देवीला इकतचं बिलकुल चालत न्हाई. त्या बाईला फोन करून न्हाई म्हणून सांगितलं त्यांनी."
"आणि दाजी?"
"ते काय बोलणार."
"सासूबाई?"
"त्या बी गप."

मग ताईनंच केलं. पुरण, सोळा भाज्या, आंबील. पुरण वाटताना भिंतीला टेकून बसत होती म्हणे. म्हणे, कारण हे मला नंतर तिच्या जावेनं सांगितलं. तेव्हा तिनंही हात दिला नाही, तिला लहान लेकरू होतं. असेल.

देवींचं विसर्जन झालं आणि ताई मोरीत पडली.
डेंग्यू. प्लेटलेट उतरलेल्या. डॉक्टर म्हणाले, आधीच का नाही आणलं?

दवाखान्यातून घरी आली ती गाडीतून, झाकूनच.

आज हॉलमध्ये रमेशभाऊंनी माझ्या हातात माईक दिला. "वहिनींच्या हातच्या चवीबद्दल दोन शब्द बोला."

मी बोलले.
"माझ्या बहिणीला त्या दिवशी विकतच्या पुरणपोळ्या हव्या होत्या. तुम्ही मिळू दिल्या नाहीत."

पंगत वाढायला घेतलेली, वाढपी जागीच थांबला.
दाजी खाली बघत होते. आज समोर ग्लासही नव्हता.
रमेशभाऊ म्हणाले, "हा काय टाइम हाय का बोलायचा?"
म्हटलं, "बोलायचा टाइम मागच्या वर्षी होता."

माईक ठेवला आणि बाहेर पडले. न जेवता.

गाडी चालू करत होते तर काचेवर टकटक. ताईच्या सासूबाई. हातात काठी, पायात चप्पल नाही.
"तू जेवली न्हाईस."
"इथला घास मला नको, मावशी."
"मला बी गिळंना. घे मला गाडीत."

का घेतलं, मला अजून कळलेलं नाही.

पुढं रस्त्यावर दिसलं त्या पहिल्या हॉटेलात बसलो. डाळ आली, भाकरी आली. त्यांनी तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.
"शोभा मलाबी चला म्हणायची. मी कधी गेले न्हाई. लोक काय म्हणतील, वाटायचं."
मी भाकरी डाळीत कुस्करली.
मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी बोलायला पायजे व्हतं गं."

त्यांना वाटलं असेल, मी म्हणेन, असू द्या मावशी, नशीब तिचं.

मी म्हणाले, "हो. पायजे होतं."

त्या रडल्या. मी डाळीची वाटी त्यांच्याकडं सरकवली. त्यांना घरी सोडलं. उंबरा चढले नाही, आणि आता कधी चढणार नाही.

ताई, तू गेलीस त्याचं दुःख आहेच. पण तुला घालवलंय, हे मी विसरू देणार नाही.

रागासकट श्रद्धांजली.