न ओळखणारे दार

परवा एका कोरियन दिग्दर्शकाचा भविष्यातील एका नगराविषयीचा चित्रपट पाहिला. त्या नगरात धान्यकोठाराचे दार केवळ चेहरा ओळखून उघडते. एका वृद्धेचा चेहरा उपासमारीने इतका ओढला आहे, की दार तिला नाकारते. ती संतापत नाही. केस सारखे करते आणि पुन्हा उभी राहते. तेथे दिग्दर्शकाने संगीत वाजू दिलेले नाही, यातच त्याची थोरवी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. भूक चेहरा बदलते, बदललेला चेहरा भूक वाढवतो. आयुष्य अर्जलेखनात घालवलेल्या मजसारख्यासही प्रश्न पडला, की ही तक्रार करावी कोणाविरुद्ध?

आज कचेरीबाहेर माझ्या मेजापुढे सोनाबाई आल्या. हयातीच्या नोंदीसाठी मोबाइल त्यांचा चेहरा स्वीकारत नाही, म्हणून निराधारांचे अनुदान थांबले आहे.

"तोंड धुऊन आलेय, तरी मेल्याला मी दिसंना!" असे म्हणत त्यांनी पदर सावरला. मोबाइलने पुन्हा नकार दिला.

'अर्जदार हयात आहे,' असे मी कागदावर लिहिले.

"मावशी, तुम्हाला ओळखणारे दोन साक्षीदार सांगा."

त्या बोटांवर एकेक नाव मोजू लागल्या.

"ओळखणारी सगळी वर गेली, दादा."