गाठोड्यातले शिंपले

एडवणात हिराचं अंगण म्हणजे पान मांडून जेवावं इतकं स्वच्छ. सुकी मासळी विकून संसार उभा केलेली बाई ती. कोंबड्याही हौसेने पाळल्या आणि त्यांना सुकटाचा चुरा, तांदळाची कणी असं पोटभर घातलं. घरात तिसऱ्या शिजल्या की रिकामे शिंपले मात्र लगोलग कुंपणापलीकडे. अंगणात कचरा तिला खपायचाच नाही.

पावसाळा संपला आणि अंडी गायब होऊ लागली. खुराड्यात पाहावं तर पेंढा नुसता ओला. हिराच्या डोक्यात एकच नाव आलं, बायडी. डोंगराकडच्या पाड्यावरून मासळी निवडायला येणारी, तिच्याकडे वर्षानुवर्षं राबलेली. गरिबाकडे बोट दाखवायला अक्कल लागत नाही आणि हिराने ती वापरलीही नाही. मासळी वाळवायच्या ओट्यावर, सगळ्या बायकांदेखत, तिने बायडीला गाठोडं सोडायला लावलं.

आतून पडले ते तिसऱ्यांचे शिंपले, कुंपणापलीकडून वेचलेले. बायका पोट धरून हसल्या. हिराच्या घरचा कचरासुद्धा चोरीला जातो म्हणायचा, असं शेजारची मैनाबाई म्हणाली, तेव्हा हिराही हसली. बायडीने मान खाली घालून एकेक शिंपला उचलला, गाठ मारली आणि गेली. पुन्हा ती हिराकडे कामाला आली नाही.

अंडी मात्र जातच राहिली. शेवटी एका सकाळी हिरा खुराड्याशी दबा धरून बसली. तांबडी कोंबडी उठली. खाली अंडं होतं, पण कवच कसलं, दुधावरची साय. बाकीच्या कोंबड्या धावल्या आणि सालासकट अंडं फस्त करून पेंढा चाटूनपुसून साफ केला.

हिराला उमगलं. कवचाला चुना लागतो आणि चुना शिंपल्यातून निघतो. तिच्या माहेरी तर शिंपल्यांच्या चुन्याने भिंती रंगवायचे. तरी कोंबड्यांच्या तोंडचे शिंपले तिनेच फेकले होते. बायडीचं गाठोडं आठवलं आणि ती शरमेने मेल्याहून मेली.

बोंबलांची जुडी घेऊन ती पाड्यावर गेली. दारात बायडी आपल्या कोंबड्यांसाठी शिंपले ठेचत होती. हिराने चूक कबूल केली, रडलीही. बायडीने जुडीला हात लावला नाही.

"हितं कोन हाय ऐकायला, हिराबाय? ज्या ओट्यावर गाठोडं सोडाया लावलंस, तितं बोल."

दुसऱ्या दिवशी ओटा बायकांनी भरला होता. बायडी आता मैनाबाईकडे बोंबील निवडत होती. हिरा ओट्याच्या मधोमध उभी राहिली.

"बायडीनं अंडी नेली नाय. माज्या कोंबड्याच खात व्हत्या. त्यांना जे पायजे व्हतं ते मी फेकत व्हते. मी हिला चोर म्हटलं. माजं चुकलं."

या वेळी कोणी हसलं नाही. बायडीने काम थांबवलं नाही.

हिरा घरी आली, टोपली घेऊन कुंपणापलीकडे गेली आणि मान खाली घालून एकेक शिंपला उचलू लागली.